लाल शाईतलं ‘लँग्वेज पुअर’

‘ताई, मी लातूर जिल्ह्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, बी.ए. तालुक्याच्या कॉलेजात, एम.ए. पुण्यात. आता पीएच.डी.चं दुसरं वर्ष. विषय गावांतलं भूजल आणि टँकर. पहिलं प्रकरण सरांना दिलं, ते पहिल्या पानावर लाल शाईत ‘लँग्वेज पुअर, रीराइट’ एवढंच लिहून परत आलं. आमच्या संस्थेत यंदा रायटिंग सेंटर सुरू झालंय. धीर करून गेले. तिथली मुलगी माझ्याहून लहान, इंग्रजी माध्यमाची. तिने एकही चूक दुरुस्त केली नाही. उलट मलाच विचारत बसली, यातून तुम्हाला काय म्हणायचंय? पाऊण तास संपला. खोलीवर येऊन रडले. मैत्रीण म्हणते, एक जण आहे, पंचवीस हजारांत सगळा थिसिस पॉलिश करून देतो. दुसरी म्हणते, एआयला दे. खरं सांगायचं तर मी दुसऱ्यांच्या पेपरमधली वाक्यं घेऊन शब्द बदलते, कारण त्यांचं इंग्रजी चांगलं असतं. गावाकडे बोअर जितके वाढले तितका टँकर लवकर यायला लागला, एवढी साधी गोष्ट मला इंग्रजीत का लिहिता येत नाही? थिसिस मराठीतच लिहू का? मला तू म्हणा.
— एक संशोधक विद्यार्थिनी, कोथरूड’

तू म्हणायला सांगितलंस, म्हणून तू.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबत पाठवलेलं प्रकरणाचं पहिलं पान तीनदा. पत्र एका वाचनात कळलं होतं. दुसऱ्यांदा वाचलं ते त्यातल्या एका वाक्यासाठी: बोअर जितके वाढले तितका टँकर लवकर यायला लागला. हे वाक्य मी प्रकरणाच्या पानावर शोधत होते. ते तिथे नाही. तिथे पहिल्या परिच्छेदात पाणी म्हणजे जीवन आहे, दुसऱ्यात नद्यांकाठी वसलेल्या प्राचीन संस्कृती आहेत, तिसऱ्यात देशाची आणि मग राज्याची पाणीटंचाई आहे. चौथ्यात एकदाचा मराठवाडा येतो, आणि येतो तो साडेचार ओळींच्या एकाच वाक्यात. त्यात बोअर आहेत, टँकर आहेत, एक सरकारी योजनाही आहे. पण कशामुळे काय झालं हे मला शेवटपर्यंत लागलं नाही. त्या वाक्यात इंग्रजीतला ‘द’ तीन ठिकाणी राहून गेलाय, हे खरं. तिन्ही ‘द’ मी पेन्सिलीने घालून पाहिले. वाक्य होतं तितकंच अंधारात राहिलं.

म्हणजे त्या मुलीने विचारलेला प्रश्न बरोबर होता. तुला तो लागला, कारण तू तिथे कपडे इस्त्रीला टाकायला गेली होतीस आणि तिने विचारलं की हा सदरा आहे की परकर. त्यात तुझी चूक नाही. आपल्याला क्लासची सवय. पुण्यात तर कशाचाही क्लास मिळतो: सर फळ्यावर लिहितात, आपण उतरवून घेतो, चुकलं तर ते लाल करतात. रायटिंग सेंटर हा क्लास नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ही व्यवस्था जुनी आहे. आपल्याकडे नवी, आणि अजून मोजक्याच ठिकाणी. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात असं केंद्र आहे, तुमच्याकडे आता झालं. रीत साधारण सगळीकडे सारखी: अर्धा-पाऊण तासाची वेळ आधी नोंदवायची, आपला मजकूर घेऊन जायचं, समोरचा माणूस बहुधा विद्यार्थीच असतो आणि बहुधा तुझ्या विषयातला नसतो. तो गुण देत नाही आणि मजकूर स्वतः लिहून देत नाही. आधी मुद्दा, मग मांडणी, मग परिच्छेद आणि सगळ्यात शेवटी व्याकरण, असा त्यांचा क्रम. उद्या जो परिच्छेद उडवायचाच आहे त्यातली क्रियापदं आज दुरुस्त करण्यात कुणाचंच भलं नाही.

इथवर मी त्या मुलीच्या बाजूने. आता तुझ्या बाजूने बोलते.

‘आम्ही चुका दुरुस्त करत नाही’ हा नियम काही केंद्रं सोवळ्यासारखा पाळतात, आणि तो मला पटत नाही. ज्यांची भाषा इंग्रजीच आहे, त्यांना तो चालतो. त्यांना म्हटलं, तुझा परिच्छेद मोठ्याने वाच, की खटकणारी जागा त्यांचीच त्यांना ऐकू येते. तुला ती ऐकू येणार नाही. मराठीत ‘मी काल भाजी घेतला’ असं कुणी म्हटलं तर तुझे कान लगेच टवकारतील. व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागणार नाही. इंग्रजीतले ‘ए’ आणि ‘द’ तुझ्या कानात तसे बसलेलेच नाहीत, कारण मराठीला त्यांची गरजच पडत नाही. तिथे ‘तुम्हाला काय वाटतं, इथे काय हवं?’ असं विचारणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्याचा अंदाज विचारणं. तुला सांगावंच लागेल, आणि कारणासकट. ते मागायचा तुला हक्क आहे. मनमोकळं माग.

कसं मागायचं ते सांगते. जाताना अख्खं प्रकरण नेऊ नकोस, दोन पानं ने. सोबत सरांच्या लाल शाईचं पान. बसल्या बसल्या सांग: आज मला दोनच गोष्टी हव्यात, पहिली अर्धी वेळ या परिच्छेदाचा मुद्दा पोचतो का हे बघायला, आणि उरलेली वेळ फक्त ‘द’साठी. दुसरं, वाचायचं काम तिला दे. तुझं लिखाण ती मोठ्याने वाचेल, तू पेन्सिल घेऊन बस, आणि ती जिथे अडखळेल, मागे जाऊन पुन्हा वाचेल, तिथे टिंब दे. काही बोलू नकोस. परिच्छेद संपल्यावर टिंबं मोज. तुला कळेल की निम्मी टिंबं व्याकरणाची नाहीतच; तिथे वाचणारीला पुढचा रस्ता दिसला नव्हता.

आणि मराठीत बोल. ती पुण्यातली असेल तर तिला मराठी येत असेल, येत नसेल तर हिंदी येईल. मजकूर इंग्रजीत आहे म्हणून त्याच्याबद्दलची चर्चाही इंग्रजीतच झाली पाहिजे असा नियम निदान मी तरी कुठे पाहिलेला नाही. त्या दिवशी प्रश्न इंग्रजीत आला असणार आणि तू गप्प बसली असणार, असा माझा अंदाज. मराठीत आला असता तर तू बोअरवर वीस मिनिटं बोलली असतीस. ती वयाने लहान आहे, हे मनातून काढ. भूजल तिला कळत नाही, हीच तर सोय आहे. सरांना तुझा विषय ठाऊक असल्यामुळे तू न लिहिलेलंही ते मनात भरून घेतात. ती भरून घेऊ शकत नाही.

चुकांसाठी एक वही कर. शंभर पानीच पुरे. त्यात सगळ्या चुका लिहायच्या नाहीत, तुझ्या हातून पुन्हा पुन्हा होणाऱ्या तीन फक्त. तुझ्या पानावरून मला दिसल्या त्या या. एक, ‘द’. दुसरी, मोजता न येणाऱ्या नामांना तू ‘एस’ लावतेस: ‘इन्फर्मेशन्स’, ‘इक्विपमेंट्स’. तिसरी जास्त अवघड आणि अस्सल मराठी आहे. आपण म्हणतो, ‘ज्या गावांत बोअर जास्त आहेत, त्या गावांत टँकर लवकर येतो.’ हे जो-तो, ज्या-त्याचं वाक्य मराठीत देखणं दिसतं. तू ते तसंच्या तसं ‘व्हिच व्हिलेजेस... दोज व्हिलेजेस’ करून इंग्रजीत नेलंस आणि तिथे ते दोन्ही पायांत अडखळून पडलं. आधी मराठीतच ते मोडून बघ: ‘जास्त बोअर असलेल्या गावांत टँकर लवकर येतो.’ आता इंग्रजीत न्यायला एक गाठोडं कमी झालं. साडेचार ओळींच्या वाक्यालाही हेच औषध: मराठीत त्याची तीन वाक्यं कर, मग पुढे जा. ‘द’ मात्र चटकन सुटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आयुष्यभर इंग्रजीत लिहिणारेही तिथे चुकतात. त्याच्यासाठी प्रकरण अडवून ठेवू नकोस.

आता पाणी म्हणजे जीवनकडे येऊ. हे तुझ्या एकटीचं नाही. आपल्याकडे भाषणाची सुरुवातच ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ इथून होते आणि मुद्दा चहा यायच्या वेळेला येतो. शोधनिबंधांच्या प्रस्तावना नेमक्या कशा चालतात, हे जॉन स्वेल्स नावाच्या भाषाअभ्यासकाने तपासून १९९० साली तीन पावलांत मांडलं, आणि तेव्हापासून इंग्रजी शिकणाऱ्या संशोधकांना ते शिकवलं जातं. तुझ्याच विषयाच्या भाषेत सांगायचं तर: पाइपलाइन कुठवर आलीय, ती कुठे तुटलीय, आणि मी कुठे जोडणार आहे. पहिल्या पावलात हा प्रश्न महत्त्वाचा का आणि आधीच्या लोकांनी काय काम केलंय. दुसऱ्यात त्यांच्या कामात काय राहून गेलंय. तिसऱ्यात तू काय करणार. तुझ्या पहिल्या पानावर पहिलंच पाऊल चार परिच्छेद चाललंय आणि तेही गंगेच्या खोऱ्यातून.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा तू शाळेत किंवा नुकतीच कॉलेजात असशील. ती गाडी तू पाहिली असशील किंवा तिचं पाणी भरलं असशील. त्या गाडीपासून सुरुवात केलीस तर? एका वाक्यात गाडी, पुढच्या दोन-तीनमध्ये टँकरवरचा अभ्यास आजवर काय सांगतो, मग ‘पण’. तो ‘पण’ तुझ्या प्रस्तावनेत कुठेच नाही. जिथे येईल, तिथून तुझा प्रबंध सुरू होईल. आणि लगेच तुझं पत्रातलं वाक्य. इंग्रजीत ते दहा-बारा शब्दांत बसतं, मी करून पाहिलं. इथे देत नाही, तू कर.

वाक्यं उचलून शब्द बदलण्याबद्दल तू स्वतःहून लिहिलंस, याचं मला बरं वाटलं. बहुतेक जण लिहीत नाहीत. तू ते चोरीच्या बुद्धीने करत नाहीस हे मला कळतं, पण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही आणि समितीला कळून घ्यायची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यावं लागतं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. शिवाय शब्द बदलून साम्य खाली आणलं तरी विचार दुसऱ्याचाच राहतो, आणि संदर्भ दिला नसेल तर ती उचलेगिरीच. त्यापेक्षा पेपर वाच, बंद कर, पालथा घाल, आणि त्यात काय होतं ते वहीत मराठीत लिही. गावाकडच्या बहिणीला फोनवर सांगशील तसं. मग ते मराठी समोर ठेवून इंग्रजी लिही आणि संदर्भ दे. वेळ लागतो. सुरुवातीला दिवसाला दोन परिच्छेद झाले तरी खूप.

मात्र सगळीच वाक्यं कुणाच्या मालकीची नसतात. ‘याउलट असं दिसतं की’, ‘या निष्कर्षाला मर्यादा आहेत’ अशी जोडवाक्यं सगळ्या संशोधकांची सामाईक असतात, गावच्या आडासारखी. मँचेस्टर विद्यापीठाने अशा वाक्यांशांचा साठा इंटरनेटवर फुकट ठेवलाय, ‘अकॅडमिक फ्रेजबँक’ म्हणून. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची ‘आउल’ नावाची ऑनलाइन लेखन-प्रयोगशाळा १९९४ पासून चालू आहे. तिच्यात संदर्भ कसे द्यायचे इथपासून ‘द’ कुठे लावायचा इथपर्यंत सगळं आहे. ज्यांच्या कॉलेजात रायटिंग सेंटर नाही, त्यांनी निदान या दोन जागा पाहाव्यात आणि दर शनिवारी तिघांनी कुठल्या तरी कट्ट्यावर बसून एकमेकांची दोन-दोन पानं मोठ्याने वाचावीत. पुणे विद्यापीठात जयकर ग्रंथालयाच्या आवारात झाडाखाली जागा मिळते.

पंचवीस हजारवाल्याची गोष्ट. त्याआधी माझी एक ऐक. मी प्रबंध लिहिला तेव्हा संगणक आमच्यापर्यंत आला नव्हता. हस्तलिखित टायपिस्टकडे द्यायचं. आमचे टायपिस्टकाका शहरात बसायचे, दोन जिने चढून जावं लागायचं. तेच आमचं रायटिंग सेंटर. ‘मॅडम, इथे ‘द’ टाकू का?’ असं विचारून ते टाकायचे, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. मला त्यांचा केवढा आधार वाटायचा. एका जागी मी लिहिलं होतं की अमुक फरक ‘नॉट इनसिग्निफिकंट’ आहे, म्हणजे अगदीच नगण्य नाही. काकांना दोन नकार खटकले. त्यांनी प्रेमाने एक काढला. उरलं ‘इनसिग्निफिकंट’. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, फरक नगण्य आहे तर पुढची तीस पानं कशाला? मी तिथे काय बोलले ते मला आठवत नाही, घशाला पडलेली कोरड आठवते.

काकांनी निदान माझ्यासमोर बसून बदललं होतं. पंचवीस हजारवाला तुझ्या नजरेआड तीनशे पानं बदलेल. त्याला तुझा तालुका माहीत नाही, विंधन विहीर आणि साधी विहीर यातला फरक माहीत असेल असं नाही, आणि तो जितका ‘सुंदर’ लिहील तितकं ते तुझ्या तोंडून तोंडी परीक्षेत परकं वाटेल. प्रबंध पुरा झाल्यावर, सरांना सांगून, फक्त व्याकरण-शुद्धलेखनाचं मुद्रितशोधन कुणाकडून पैसे देऊन करून घेणं वेगळं, त्यात लाज नाही. पण ते सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक बदल तुला दिसेल अशा पद्धतीने. आत्ता दुसऱ्या वर्षात तुझ्याकडे पॉलिश करायला आहे काय?

एआयलाही हेच लागू. ‘हा परिच्छेद सुधारून दे’ म्हटलंस तर तो देईल, आणि नगण्य नसलेलं नगण्यही करून देईल, काकांपेक्षा जास्त सफाईने. ‘या वाक्यात ‘द’ का हवा ते मला मराठीत समजाव’ म्हटलंस तर शिक्षक म्हणून तो वाईट नाही. रात्री दोनला रायटिंग सेंटर उघडं नसतं. तुमच्या संस्थेचा याबद्दल काय नियम आहे ते आधी विचारून घे, आणि गावातल्या लोकांच्या मुलाखती, नावं, गट नंबर त्यात कधीही टाकू नकोस. त्यांनी तुला सांगितलंय, त्याला नाही.

सरांबद्दल थोडंच. तीन शब्दांत प्रकरण परत करणं हे मार्गदर्शन नव्हे, हे मी बिनदिक्कत म्हणते, पण त्यांच्याकडे किती विद्यार्थी आहेत तेही मला माहीत नाही. ‘सर, इंग्रजी सुधारते’ म्हणून परत येऊ नकोस. असं म्हण: ‘सर, माझा मुद्दा एका वाक्यात असा आहे, आणि प्रस्तावना मी या तीन पावलांत पुन्हा मांडतेय. तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलेला एक परिच्छेद दाखवाल का?’ एक परिच्छेद दाखवायला कुणी नाही म्हणत नाही. दाखवला की तो घेऊन थेट सेंटरला जा. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सत्राला तुला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहायचंच आहे. तिथेही हेच एक वाक्य आधी बोल. आणि घाई करू नकोस, नियमाने प्रवेशापासून सहा वर्षं मिळतात, तुझं दुसरं चाललंय.

मराठीत लिहू का, हे विभागात विचार. परवानगी असेल आणि मनापासून मराठीत लिहावंसं वाटत असेल तर जरूर लिही, मला आनंदच होईल. इंग्रजीला घाबरून मात्र नको. ‘सदर संशोधनाच्या अनुषंगाने प्रस्तुत घटकाचे अवलोकन केले असता’ असं मराठी मी ढिगाने वाचलंय, त्यातही बोअर सापडत नाही.

पुढच्या आठवड्याची वेळ आजच नोंदव, आणि त्याच मुलीकडची. तिने एकदा तुझं पान वाचलंय, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. सत्र संपत आलं की तिथे रांग लागते.